कारोलिनाची डायरी: पुरावा म्हणून वाचायची की साहित्य म्हणून?

ब्राझीलच्या कृष्णवर्णीय लेखकांबद्दल वाचायला लागलं की कारोलिना मारिया दे जेझूस हे नाव लवकर भेटतं, आणि त्याला चिकटून ‘झोपडपट्टीचं अस्सल चित्रण’ हे विशेषणही. या विशेषणावर संशोधनाचा विषय उभा करायचा असेल तर जरा थांबा.

आधी माहिती. कारोलिना यांचा जन्म १९१४ चा, मिनास जेराइस राज्यातल्या साक्रामेंतोचा. शिक्षण जेमतेम दोन वर्षं. पुढे साओ पाउलोत, तिएते नदीकाठच्या कानिंदे झोपडपट्टीत तीन मुलांना घेऊन त्या एकट्या राहिल्या. रद्दी-भंगार वेचायच्या आणि सापडलेल्या वह्यांत लिहायच्या. १९५८ मध्ये औदालियो दांतास या पत्रकाराने त्या वह्या पाहिल्या. १९६० मध्ये ‘क्वार्तो दे देस्पेजो’, म्हणजे ‘अडगळीची खोली’, हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. अनेक भाषांत अनुवाद झाले.

आता मजकूर बघा. शहर हे घर, तर झोपडपट्टी ही त्याची अडगळीची खोली, ही प्रतिमा कारोलिनांची स्वतःची आहे. एका नोंदीत उपाशीपोटी आकाश, झाडं, पक्षी सगळं पिवळं दिसतं. खाल्ल्यावर रंग जागेवर येतात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ ला. बरोबर ७० वर्षांनी, त्याच तारखेच्या नोंदीत त्या भुकेला आजची गुलामगिरी म्हणतात. ही नुसती दैनंदिनी नाही. तारखेचा असा वापर करणारी बाई लेखक म्हणूनच लिहीत होती.

पण आपल्या हातात येतं ते दांतास यांनी निवडलेलं पुस्तक. पुनरावृत्ती गाळली, भाषा मात्र तिचीच ठेवली, अशी त्यांची भूमिका. नंतर हस्तलिखितांशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांना काटछाटीबरोबर शब्दबदलही सापडले. १९९६ मध्ये असंपादित नोंदींचं वेगळं पुस्तक निघालं. दांतास नसते तर वह्या छापल्या गेल्या असत्या का, हा प्रश्न रास्तच आहे. तरी एक गोष्ट खटकते: शुद्धलेखनाच्या चुका जपल्या गेल्या, मजकूर मात्र कापला गेला. एरवी प्रकाशक लेखकाच्या चुका गुपचूप दुरुस्त करतो. इथे त्या चुकाच अस्सलपणाचं प्रमाणपत्र ठरल्या.

अनुवादातही तेच. अमेरिकेत पुस्तकाचं नाव झालं ‘चाइल्ड ऑफ द डार्क’, ब्रिटनमध्ये ‘बियाँड ऑल पिटी’. मूळ नाव शहरावर बोट ठेवतं. ही नावं लेखिकेकडे कीव करत बघतात. १९६३ मध्ये त्यांनी ‘पेदासोस दा फोमे’ ही कादंबरी काढली, तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. वाचकांना साक्षीदार हवा होता, कादंबरीकार नको होती. २०२१ पासून ब्राझीलमध्ये त्यांचं लेखन नव्याने, हस्तलिखितांच्या आधारे छापलं जातंय आणि त्या संपादनात कृष्णवर्णीय लेखिका कोन्सेसाँव एवारिस्तो यांचा सहभाग आहे. पण तिथेही वाद आहेच: मूळ शुद्धलेखन ठेवणं हा लेखिकेचा मान, की तोच जुना शिक्का?

म्हणून प्रस्ताव लिहिताना ‘कारोलिना म्हणतात’ असं लिहिण्याआधी कोणती आवृत्ती वापरताय ते पहिल्याच प्रकरणात नोंदवा. साठच्या दशकातल्या वाचकांनी काय वाचलं हा तुमचा प्रश्न असेल, तर १९६० ची आवृत्तीच योग्य. लेखिकेची शैली तपासायची असेल, तर तेवढ्यावर भागणार नाही. असंपादित नोंदी आणि कादंबरी सोबत घ्यावीच लागेल. प्रश्न बदलला की साधनही बदलतं. मार्गदर्शक हेच विचारणार आहेत, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवा.