आकाशांतील उडी आणि कौतुकाचें माप

स्त्रियांच्या पराक्रमाविषयीं आमच्या वृत्तपत्रांतून व मासिकांतून जे गौरवपर लेख प्रसिद्ध होतात, त्यांचा आतां एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच बनून गेला आहे. कोणी स्त्री विमानांतून उडी टाकून हवाई छत्रीच्या साह्यानें सुखरूप भूमीवर उतरली, कीं चार-सहा दिवसांत तिच्यावर असा लेख निघतोच. प्रारंभीं आश्चर्य, मध्यें ‘पहिली महिला’ या शब्दांचा दोन-चार वेळां उच्चार, आणि शेवटीं ती पुरुषांच्या तोडीस तोड ठरल्याचा निर्वाळा, असा त्याचा सांचा ठरलेला असतो. लेखकाचा हेतु चांगला असतो याबद्दल आम्हांस शंका नाहीं. तथापि हेतु चांगला असला म्हणून लेख चांगला उतरतोच असें नाहीं. आणि ज्या लेखांवरून घरोघरच्या मुली व त्यांचे आईबाप आपलीं मतें बनवितात, त्यांची परीक्षा एकाद्या कादंबरीइतक्याच काळजीनें व्हावयास पाहिजे.

या लेखांवर आमचे आक्षेप दोन आहेत. ज्या गोष्टीचें ते नवल करितात ती मुळीं नवी नाहीं, हा पहिला; आणि ज्या मापानें ते स्त्रीचें कर्तृत्व मोजतात तें माप या क्रीडेस लागू पडत नाहीं, हा दुसरा.

प्रथम नवलाचा विचार करूं. पॅरिस शहरांतील मोंसो उद्यानांत आंद्रे-झाक गार्नेरँ यानें फुग्यांतून उंच जाऊन छत्रीच्या आधारें आपली प्रसिद्ध उडी घेतली, ती २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं. पुढच्याच वर्षीं एका स्त्रीला बरोबर घेऊन फुग्यांतून जाण्याचा बेत त्यानें जाहीर केला, तेव्हां पोलिसांनीं हरकत घेतली. उंचावरील विरळ हवेचा स्त्रीच्या नाजूक शरीरावर काय परिणाम होईल, ही त्यांची एक शंका. आणि परपुरुषाबरोबर इतक्या निकट बसून आकाशांत जाणें नीतीला धरून होईल काय, ही दुसरी. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलें. स्त्रीपुरुषांनीं एका गाडींत चढण्यांत जर दोष नाहीं तर एका फुग्यांत चढण्यांतहि नाहीं, अशा अर्थाचा निकाल होऊन बंदी उठली. पुढें १२ ऑक्टोबर १७९९ रोजीं झान झेनेव्हिएव्ह लाब्रॉस हिनें स्वतः छत्रीनें उडी घेतली. म्हणजे गार्नेरँची उडी आणि स्त्रीची पहिली उडी यांच्यांत पुरतीं दोन वर्षेंहि गेलीं नाहींत. जी गोष्ट सव्वादोनशें वर्षांपूर्वीं घडून गेली, तिचा आजच्या लेखकानें प्रत्येक वेळीं नव्यानें अचंबा करावा, हें वाचकाच्या अज्ञानावर विसंबणें होय.

लाब्रॉस ही एकटीच होती असेंहि नाहीं. गार्नेरँची पुतणी एलिझा हिनें १८१५ ते १८३६ या काळांत ३९ उड्या घेतल्या, आणि त्या धंदा म्हणून, तिकीट लावून. जर्मनीच्या केटे पाउलुस हिनें शंभरांहून अधिक उड्या घेतल्या. इतकेंच नव्हे, तर पिशवींत घडी घालून ठेवावयाची छत्री तयार केली, व पहिल्या महायुद्धांत जर्मन सैन्याला हजारों छत्र्या करून पुरविल्या. आपल्या उपखंडांतहि हा खेळ लौकरच आला. मार्च १८९२ मध्यें ढाक्याच्या नबाबाच्या निमंत्रणावरून जीनेट व्हॅन टॅसल ही बाई फुग्यांतून उडाली. परंतु तिची छत्री झाडावर अडकली, आणि तिला खालीं उतरवितांना झालेल्या अपघातांत जखमी होऊन ती वारली. या स्त्रियांच्या पराक्रमाला लोकांनीं गर्दी केली, टाळ्या दिल्या, पैसेहि दिले. त्यांना अडविलें मात्र कोणीं नाहीं. स्त्री उडी घेणार म्हटलें कीं प्रेक्षक अधिक जमतात, हें खेळवाल्यांना पक्कें ठाऊक होतें.

अमेरिकेंतील जॉर्जिया ब्रॉडविक हिची कथा या दृष्टीनें मनन करण्याजोगी आहे. कापडगिरणींत मजुरी करणारी, लहानग्या मुलीची आई असलेली ही पोर १९०८ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, एका फिरत्या फुगेवाल्याच्या ताफ्यांत शिरली. अंगानें ती अगदीं ठेंगणी, म्हणून ‘टायनी’ हें तिचें नांव पडलें. आणि झालरींचे कपडे व टोपडें घालून तिला ‘बाहुली’ म्हणून मिरविण्यांत येई. २१ जून १९१३ रोजीं लॉस अँजेलिस येथें तिनें विमानांतून उडी घेतली. १९१४ सालीं सॅन डिएगो येथें सैन्याच्या अधिकाऱ्यांपुढें प्रयोग करून दाखवीत असतां, छत्री आपोआप उघडावी म्हणून विमानाला बांधलेली दोरी शेपटीशीं गुरफटली. तेव्हां पुढच्या उडीच्या वेळीं तिनें ती दोरी आंखूड कापून टाकली, विमानापासून मोकळी होऊन कांहीं क्षण तशीच खालीं आली, आणि मग स्वतःच्या हातानें दोरी ओढून छत्री उघडली. संकटांत सांपडलेल्या वैमानिकाला विमान सोडून जीव वाचवितां येईल, ही गोष्ट अशा रीतीनें सैन्यानें एका ‘बाहुली’कडून पाहून घेतली.

याच्या पुढचा भाग गौरवलेखांत बहुधा येत नाहीं. अमेरिकन सैन्याचें छत्रीउड्यांचें प्रदर्शन करणारें व स्पर्धांत उतरणारें जें ‘गोल्डन नाइट्स’ पथक १९५९ सालीं स्थापन झालें, त्यांत पहिली स्त्री घेतली गेली ती १९७७ सालीं. तिचें नांव शेरिल स्टर्न्स. तिच्या उड्यांची संख्या पुढें वीस हजारांवर गेली. १९१४ पासून १९७७ पर्यंत त्रेसष्ट वर्षें होतात. रणांगणावर स्त्रीला पाठवावें कीं नाहीं, हा वाद निराळा आहे व तो येथें आम्ही उपस्थित करीत नाहीं. परंतु प्रदर्शन व स्पर्धा यांना तो अडथळा लागू नव्हता. सारांश, छत्रीउडी हा जोंपर्यंत जत्रेंतला तमाशा होता, तोंपर्यंत स्त्रीला तेथें मज्जाव नव्हता. तिला शिस्त, हुद्दा व पदक हीं प्राप्त होतांच स्त्रीच्या शरीराविषयींच्या जुन्या शंका पुन्हां जाग्या झाल्या. धोका तिच्या वांट्यास आधीं आला, मान मागाहून आला. ज्याला खरोखर नवल करावयाचें असेल त्यानें या क्रमाचें करावें.

आतां मापाकडे वळूं. ‘पुरुषांच्या तोडीस तोड’ या शब्दांत एक गृहीत दडलेलें आहे: उडी ही मूळची पुरुषाची, व स्त्रीची उडी ही त्याच्या उडीशीं ताडून पाहावयाची. आमच्या भाषेची ठेवणच येथें आड येते. धैर्याला आम्ही मर्दुमकी म्हणतों, पराक्रमाला पौरुष म्हणतों, आणि एकाद्या स्त्रीची परमावधीची स्तुति करावयाची तर तिला मर्दानी म्हणतों. म्हणजे धैर्य हें तिनें शेजारच्या घरून उसनें आणलें, असाच ध्वनि निघतो. शब्द जुने आहेत व ते एका दिवसांत बदलणार नाहींत. परंतु लेखकानें निदान ते कोठें चालतात व कोठें लंगडे पडतात, हें पाहून वापरावे.

छत्रीउडींत ते लंगडेच पडतात. विमानांतून उडी घेतल्यावर दहा-बारा सेकंदांत शरीराचा वेग वाढावयाचा थांबतो, आणि पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या मनुष्याची गति तासीं सुमारें २०० किलोमीटरांवर स्थिर होते. जड मनुष्य किंचित् जलद पडतो, हलका किंचित् सावकाश. चौघांनीं मिळून हवेंत एकमेकांस धरून आकृति रचावयाच्या असतां हा फरक अडचणीचा होतो. त्यावर उपाय मोठा साधा आहे. हलक्या अंगाची व्यक्ति कमरेला शिशाचीं वजनें बांधते. जड अंगाची व्यक्ति सैल, वारा धरणारा पोषाख घालते. निसर्गानें ठेवलेला भेद शेर-दोन शेर शिशानें मिटतो. मग ३५ सेकंदांत ठरलेल्या आकृति कोणता चमू अधिक वेळां व बिनचूक रचतो, एवढाच प्रश्न उरतो. नेमक्या जागीं उतरण्याच्या स्पर्धेंत तर पायानें स्पर्श करावयाचा मध्यबिंदु अवघा दोन सेंटिमीटरांचा असतो. तेथें दंडाच्या घेरापेक्षां वाऱ्याची पारख, नजर व मनाचें स्थैर्य हींच कामास येतात.

सर्वच खेळांत स्त्रियांनीं पुरुषांशीं झुंजावें, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. शंभर मीटर धांवण्याचा पुरुषांचा उच्चांक ९.५८ सेकंद असून स्त्रियांचा १०.४९ सेकंद आहे. हा फरक स्नायूंचा व हाडांचा आहे. शिशानें किंवा सैल पोषाखानें तो भरून निघत नाहीं. अशा ठिकाणीं दोन वर्ग करणें हाच न्याय होय. वर्ग एकत्र केले तर स्त्री शर्यतींत उरणारच नाहीं. परंतु येथला न्याय उचलून जेथें बळाचा संबंध नाहीं तेथें नेऊन बसविला, म्हणजे त्याचा अन्याय होतो. १९९२ सालीं बार्सिलोना येथील ऑलिंपिकांत उडत्या चकत्यांवर नेम धरण्याच्या स्कीट या प्रकारांत स्त्रीपुरुष एकत्र उतरले होते, व तेथें चीनच्या झांग शान हिनें सर्वांना मागें टाकून सुवर्णपदक मिळविलें. पुढच्या, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत हा प्रकार केवळ पुरुषांचा झाला; स्त्रियांसाठीं त्यांत कांहींच ठेविलें नव्हतें. त्यांचा स्वतंत्र वर्ग सुरू झाला तो २००० सालीं सिडनी येथें. जिंकणाऱ्या स्त्रीला आपलें पदक राखण्यासाठीं बंदूक उचलण्याची संधिच मिळूं नये, ही गोष्ट कोणत्या न्यायांत बसते?

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरण येथें सहज आठवतें. १९७६ सालीं कु. रोहिणी खाडिलकर यांनीं पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळस्पर्धेंत भाग घेतला, तेव्हां एवढा गहजब झाला कीं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. अखेरीस स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांची बंदी करतां येणार नाहीं, असा निर्णय जागतिक बुद्धिबळ संघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीं दिला. पटावरील प्याद्याला तें ढकलणारा हात पुरुषाचा कीं स्त्रीचा हें कळत नाहीं. तसेंच वाऱ्यालाहि आपण कोणाला झेलतों तें कळत नाहीं.

यावर प्रतिपक्षाचें एक म्हणणें आहे व तें विचारार्ह आहे. या छंदांत स्त्रियांची संख्या अद्याप फार थोडी. त्यांचा निराळा वर्ग काढून टाकला तर पदकें पुरुषांकडे जातील, व नव्याने येणाऱ्या मुलींचें उत्तेजन जाईल. हें खरें आहे. परंतु त्यावरून खुला दरवाजा बंद करावा असें निष्पन्न होत नाहीं. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडासंघाच्या जागतिक स्पर्धांत चौघांच्या आकृतिरचनेचे दोन वर्ग असतात: एक सर्वांस खुला, दुसरा केवळ स्त्रियांचा. हीच व्यवस्था आम्हांस इष्ट वाटते. स्त्रियांचा वर्ग ही पायरी असावी, कुंपण नसावें.

आतां पुन्हां गौरवलेखांकडे येऊं. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं एप्रिल २००४ मध्यें उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंशांच्या थंडींत २,४०० फुटांवरून उडी घेतली. ती त्यांची पहिलीच उडी होती. तीपूर्वीं सरावाची एकहि झाली नव्हती. डिसेंबर २००६ मध्यें दक्षिण ध्रुव झाला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून त्या उतरल्या. असें असतां त्यांचें नांव घरोघर विशेष गाजलें तें फेब्रुवारी २०१८ मध्यें थायलंडांतील पट्टाया येथें नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून घेतलेल्या उडीमुळें. लेखांतून लुगड्याचें वर्णन भरपूर आलें. परंतु तासीं २०० किलोमीटरांच्या वाऱ्यांत सव्वाआठ मीटर वस्त्र अंगावर आवळून धरणें म्हणजे काय, त्याचें एक टोंक सुटून छत्रीच्या दोऱ्यांत अडकलें तर काय ओढवेल, याचा विचार किती लेखांत आला? पराक्रम तेथें होता. लेखकांनीं पदर पाहिला, गांठ पाहिली नाहीं.

भारतांत १९५९ सालीं गीता चंद या वायुदलांतील डॉक्टर स्त्रीनें छत्रीसैनिकांच्या उड्या पुऱ्या केल्या. १९७९ सालीं रेचेल थॉमस यांनीं क्रीडा म्हणून ही उडी घेतली, व २००२ सालीं त्या उत्तर ध्रुवावर ७,००० फुटांवरून उतरल्या. म्हणजे ‘पहिली’चा प्रश्न आपल्याकडेहि केव्हांच निकालांत निघाला आहे. वाचकांच्या घरांत आज जो प्रश्न निघतो तो वेगळा आहे. कॉलेजांतली मुलगी उडी शिकावयास जाते म्हणाली, तर आईबापांनीं काय सांगावें? छंद खर्चाचा आहे व धोक्याचाहि आहे, हें लपवूं नये. अमेरिकेंतील छत्रीउड्यांच्या संघानें २०२३ सालाचा जो हिशेब दिला आहे, त्यांत सुमारें साडेछत्तीस लाख उड्यांमागें १० मृत्यु नोंदलेले आहेत. हा आंकडा समोर ठेवून, शिक्षक कोण, छत्री कोणी तपासली, जागा कशी, हे प्रश्न विचारून जे आईबाप ‘नको’ म्हणतील त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाहीं. परंतु हाच छंद मुलानें धरला असतां जें उत्तर दिलें असतें, तेंच मुलीलाहि द्यावें. भिन्न उत्तर द्यावयाचें तर त्याचें कारण दाखवावें लागेल. आणि तें कारण १७९८ सालच्या पॅरिसच्या पोलिसांच्या कारणांहून निराळें निघेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

गौरवलेख लिहिणारांनीं या घरगुती प्रश्नाला उपयोगी पडेल असें लिहावें, एवढीच आमची सूचना आहे. किती उंचीवरून, कशा वाऱ्यांत, किती वर्षांच्या अभ्यासानंतर, कोणती चूक टाळून, हें त्यांनीं सांगावें. पुरुषाशीं बरोबरी झाली कीं नाहीं हें मग वाचकच ठरवितील; आणि उडी चांगली वर्णिली गेली असेल, तर बहुधा त्यांना तो प्रश्न विचारण्याचें स्मरणहि होणार नाहीं.