कुणाचाच नसलेला कॉम्प्युटर

सॉफ्टवेअर शिकवणारा कुठलाही व्हिडिओ लावा, आधी दिसतो तो कोरा डेस्कटॉप. कचरापेटीशिवाय एकही आयकॉन नाही. आतेभावाच्या लग्नाचे फोटो नाहीत, ‘रेझ्युमे फायनल फायनल २’ नाही. असा कॉम्प्युटर मी तरी कुणाच्या घरी पाहिलेला नाही. कारण बऱ्याचदा तो कुणाचाच नसतो. ते असतं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. तो एका खिडकीत चालतो आणि व्हिडिओ बनवणारा त्या खिडकीचंच चित्रीकरण करतो.

यामागची कारणं रास्त आहेत. मध्येच व्हॉट्सॲपचं नोटिफिकेशन टपकत नाही, खासगी फाइल दिसत नाहीत. लिनक्स इन्स्टॉल करून दाखवायचं असेल तर दुसरा सोपा मार्गही नाही, कारण जी सिस्टीम अजून बसलेलीच नाही तिच्यात रेकॉर्डर कुठून आणणार? व्हर्च्युअलबॉक्स या मोफत प्रोग्राममध्ये तर २०१३च्या ४.३ आवृत्तीपासून रेकॉर्डिंगची सोय आतच आहे. शिवाय आतल्या स्क्रीनचा आकार आपल्याला ठरवता येतो. १२८० बाय ७२० ठेवला तर फोनवर बघणाऱ्याला अक्षरं निदान वाचता येतात. मोठ्या मॉनिटरवर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत ती मुंग्यांसारखी दिसतात.

माझी तक्रार आहे ती स्नॅपशॉटबद्दल. मशीनची आत्ताची अवस्था जतन करायची आणि काही बिघडलं की एका क्लिकमध्ये तिथे परत जायचं, अशी ही सोय. मग चूक झाली की स्नॅपशॉट, पुन्हा रेकॉर्डिंग. बघणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो फक्त शेवटचा, निर्दोष टेक. पायथनचंच बघा. कोऱ्या मशीनवर एकच पायथन असतं, सगळं सुरळीत चालतं. तुमच्या लॅपटॉपवर मात्र कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कधीतरी टाकलेलं जुनं पायथनही असतं. पिप लायब्ररी एकात बसवतं, प्रोग्राम दुसऱ्यातून चालतो, आणि ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा एरर येतो. व्हिडिओतल्या दादाने जे केलं तेच तुम्ही केलेलं असतं. तरी ‘आपल्यालाच जमत नाही’ असं वाटायला लागतं. घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटर आलेल्या, विचारायला कुणी नसलेल्या मुलीला हे वाटणं महागात पडतं. ती तो विषयच सोडून देते.

२००५ साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने पंधरा मिनिटांत ब्लॉग बनवून दाखवणारा रूबी ऑन रेल्सचा स्क्रीनकास्ट केला. टाइप करताना तो मध्येच चुकतो, ‘अरेच्चा’ या अर्थाचं काहीतरी पुटपुटतो, दुरुस्त करतो, पुढे जातो. तो व्हिडिओ गाजला तो रेल्सच्या वेगामुळे, हे मान्य. पण मला तो आवडतो त्या अडखळण्यासाठी.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचे धडे, स्क्रीन इंग्रजीच, आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केलेला. निवेदन कोरडं, एकसुरी. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून शिकायचं अशी त्यांची अपेक्षा, ती फोनवाल्यांच्या कामाची नाही. पण हे धडे सुरुवातीलाच सांगून टाकतात की आम्ही उबुंटूची अमुक आवृत्ती आणि लिबरऑफिसची तमुक आवृत्ती वापरतो आहोत. ऐकायला रटाळ, पण त्या एका वाक्यात बघणाऱ्याबद्दलचा आदर आहे. तुझ्याकडे वेगळं दिसलं तर ते का, याचा धागा तुझ्या हातात दिलेला आहे. चकाचक चॅनेलवाल्यांना एवढंही सुचत नाही.

खरं तर व्हर्च्युअल मशीन हे चूक दाखवण्याचंही उत्तम साधन आहे. खऱ्या लॅपटॉपवर मुद्दाम काही बिघडवायला भीती वाटते, इथे वाटायचं कारण नाही. कोऱ्या स्नॅपशॉटशेजारी एक मळका स्नॅपशॉट ठेवावा: त्यात जुनं पायथन, भरत आलेली डिस्क, अर्धवट काढलेला अँटिव्हायरस. धडा आधी कोऱ्यावर, मग मळक्यावर. एरर आला की तो लाल मजकूर कॅमेऱ्यासमोर सावकाश, शेवटच्या ओळीपासून वर वाचून दाखवावा. व्हिडिओ पाच मिनिटांनी लांबेल आणि काही जण पुढे सरकवतील. ज्यांच्या स्क्रीनवर नेमका तोच एरर आलाय, ते नाही सरकवणार.