‘तप्त इलेक्ट्रॉन’ : एका संज्ञेचे परीक्षण

तीव्र लेसर-स्पंद घन पदार्थावर आदळला असता जे वेगवान इलेक्ट्रॉन निर्माण होतात, त्यांना ‘तप्त’ म्हणण्याचा भौतिकीत प्रघात आहे. आक्षेप आहे तो या विशेषणामागून येणाऱ्या ‘तापमाना’वर. परस्परांवर आदळून समतोल पावलेल्या कणसमूहाला तापमान असते. हे कण तर प्रकाशाच्या जवळपास वेगाने, एकमेकांशी क्वचितच टक्कर घेत, पातळ पत्र्यातून पार होतात. मग ‘तापमान’ म्हणजे ऊर्जा-वितरणाच्या आलेखाच्या उतारावरून काढलेला आकडा, एवढेच उरते. जाणकारांना हे ठाऊक असते. फसतो तो विद्यार्थी.

शिवाय तो आकडाही एकच नाही. तरंगलांबी १ मायक्रॉन व तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १० च्या १९ व्या घाताइतके वॉट धरली, तर विल्क्सप्रभृतींचे १९९२ चे सूत्र सुमारे ९.६ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट देते. प्रयोगांवर आधारलेले बेगप्रभृतींचे १९९७ चे सूत्र सुमारे ४.६ लक्ष. दुपटीहून मोठे हे अंतर एका शब्दाखाली झाकले जाते. मराठीत ‘द्रुत इलेक्ट्रॉन’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

‘झोत’ हा शब्दही असाच फसवा. लक्षावधी अँपिअरांचा हा प्रवाह एकटा वाहता, तर स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राने अडला असता. घनातील मंद इलेक्ट्रॉन उलट दिशेने वाहतात, म्हणूनच तो पुढे सरकतो.