खर्जाची साथ

गाणे ऐकून उठलेला रसिक गायकाचा गळा आठवतो, चाल गुणगुणतो, शब्दांना दाद देतो. परंतु त्या गाण्याच्या तळाशी कोण वाजवीत होते, हे तो क्वचितच विचारतो. रॉक संगीतातील बास गिटार, म्हणजेच खर्जाची गिटार, हे अशा उपेक्षित वाद्यांपैकी एक होय. आज मात्र या वाद्याला अकस्मात प्रकाशझोत लाभला आहे. मोबाइलच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत विजेच्या वेगाने बोटे चालविणारे वादक दिसतात आणि आपली तरुण मुले त्यांनाच गुरुस्थानी मानतात. त्या अर्ध्या मिनिटात गाणे नसते, गायक नसतो, शब्द नसतात. असते ते केवळ बोटांचे चापल्य. म्हणून एक प्रश्न विचारणे अगत्याचे वाटते. साथीच्या वादकाने गाण्यासाठी वाजवावे, की गाण्याचे निमित्त करून स्वतःसाठी?

प्रथम या वाद्याचे कार्य समजून घेऊ. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने 1951 साली विजेवर चालणारी, चार तारांची, पडदे बसविलेली बास गिटार बाजारात आणली. त्यापूर्वी खर्जाचे काम माणसाएवढ्या उंचीचे अवजड कॉन्ट्राबास करीत असे. या गिटारीच्या तारा साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या असतात. तिचे काम दुहेरी आहे. ढोलाच्या ठेक्याशी हातमिळवणी करून ती लय धरते आणि त्याच वेळी वरच्या स्वरसंघाला जमीन देते. पेटीवर सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र धरून पाहावेत. खाली मंद्र सा वाजला तर तो स्वरसमूह प्रसन्न, घरी पोहोचल्यासारखा वाटतो. वरचे स्वर तसेच ठेवून खाली मंद्र ध वाजविला, की त्याच तीन स्वरांवर उदास छाया पसरते. वरच्यांनी काहीच बदललेले नसते. खालच्या एका स्वराने साऱ्यांचा अर्थ बदललेला असतो. एवढा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने तो किती संयमाने वापरावा, हाच या लेखाचा विषय.

बेन ई. किंग यांचे 1961 सालचे ‘स्टँड बाय मी’ हे गीत या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चच्या भक्तिगीतांच्या परंपरेतून ते स्फुरले. त्याचा आरंभ गायकाने होत नाही. खर्जाच्या एका छोट्या आकृतीने होतो. आठ मात्राखंडांचे ते आवर्तन, त्यात चारच स्वरसंघ आणि मोजकेच स्वर. गायक येतो, त्याचा आवाज चढत जातो, पुढे व्हायोलिनांचा मेळा उसळतो. परंतु खर्जाची ती आकृती पहिल्या आवर्तनापासून अखेरपर्यंत जशीच्या तशी राहते. हे गीत काळोखातही सोबत न सोडणाऱ्या माणसाविषयी आहे. शब्द जे मागतात, ते खर्ज प्रत्यक्ष करून दाखवितो; तो सोडून जात नाही. वादकाने मध्येच एखादी चमकदार तान घेतली असती, तर श्रोत्याने टाळी दिली असती, परंतु गीताचा आशय त्या क्षणी कोसळला असता. येथे साधेपणा हा सोपेपणा नव्हे. तीच आकृती तितक्याच प्राणाने पुन्हा पुन्हा वाजविणे ही कठोर साधना आहे.

आपल्याकडे हे तत्त्व नवे नाही. शाहिराचा डफ कडाडतो, पोवाडा रंगतो आणि मागे उभा असलेला साथीदार तुणतुण्याच्या एकाच तारेवर एकच स्वर धरून असतो. आपल्या भाषेने या वाद्यावर केवढा अन्याय केला आहे पाहा! ‘तेच तुणतुणे वाजविणे’ हा वाक्प्रचार आपण कंटाळवाण्या माणसासाठी राखून ठेवला. परंतु ते तुणतुणे थांबवून पाहावे. शाहिराचा सूर कशावर टेकणार? आमच्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा जुनी आहे, आणि दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके चालतात. त्या नाटकांतही पद म्हणणाऱ्या नटाला पहाटेपर्यंत सांभाळून नेण्याचे काम साथीदारच करतात. दाद नटाला मिळते, आणि ती त्यालाच मिळावी अशीच साथ असावी लागते.

याचा अर्थ तंत्र हे पाप आहे असा मात्र नव्हे. साधेपणाचे भाट पुष्कळदा ही चूक करतात. अहमदजान थिरकवाँ यांचे उदाहरण घ्यावे. स्वतंत्र तबलावादनात या खाँसाहेबांची थोरवी निर्विवाद होती. तेच खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना वर्षानुवर्षे साथ करीत. ज्याच्या बोटांत सारा विद्याभांडार आहे, त्याने पदामागे ठेका धरून बसावे, यात विद्येचा अपमान नाही. विद्येची परिपक्वता आहे. ज्याला येतच नाही, त्याचे न वाजविणे हा संयम ठरत नाही.

पाश्चात्त्य वादकांतही हाच विवेक दिसतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत खर्ज वाजविणारे जेम्स जेमर्सन हे उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडीत. त्यांचे वादन मुळीच साधे नव्हते. ते चपळ आणि वळणावळणाचे होते. तरीही ते गायकाच्या श्वासाच्या जागा ओळखून तेथेच फुलत असे आणि शब्द आला की मागे सरत असे. जॅको पास्तोरियस यांनी तर 1976 साली आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत बास गिटारीवर थक्क करणारे कौशल्य दाखविले. परंतु त्याच वर्षी जोनी मिचेल यांच्या ‘हेजिरा’ या संग्रहातील गीतांना त्यांनी जी साथ दिली, ती ऐकताना कौशल्याचा विसर पडतो आणि गायिकेचे एकाकीपण तेवढे जाणवते. म्हणजे निकष स्वरांच्या संख्येचा नाही. स्वर कोणाकडे बोट दाखवितो, हा खरा निकष आहे.

आज ज्या अंगठ्याच्या फटकाऱ्यांनी चित्रफिती गाजतात, त्या वादनपद्धतीचा जन्मही मनोरंजक आहे. लॅरी ग्रॅहम हे तरुणपणी आपल्या आईच्या छोट्या वाद्यवृंदात वाजवीत. वृंदात ढोलवादक उरला नाही, तेव्हा त्याची उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी तारेवर अंगठ्याने ठोका देण्यास आणि बोटाने तार ओढून सोडण्यास प्रारंभ केला. आईच्या गाण्याला ताल मिळावा म्हणून शोधलेली ही युक्ती! सेवेतून जन्मलेले तंत्र पुढे प्रदर्शनाचे साधन व्हावे, हा त्या तंत्राचा दोष नव्हे. साधन तेच राहिले. हेतू तेवढा हरपला.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार न्यायाने केला पाहिजे. ‘साथीदाराने मागे राहावे’ असे म्हणणे सोपे असते. परंतु मागे राहणाऱ्याला आपण काय देतो? जेमर्सन यांचे नाव मोटाउनच्या एखाद्या प्रमुख संग्रहाच्या वेष्टनावर छापले जाण्यास 1971 साल उजाडावे लागले. तो संग्रह म्हणजे मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. आपल्या चित्रपटसृष्टीची कथा वेगळी नाही. पोर्तुगीज काळातील गोव्याच्या पॅरिश शाळांत स्वरलिपी शिकलेले कितीतरी ख्रिस्ती वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत राबले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंदरचनाकार म्हणून काम केले. टोनी वाझ यांनी राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत बास गिटार वाजविली. ती गाणी घरोघरी पोहोचली, पण ही नावे किती घरांत ठाऊक आहेत? अँथनी गोन्साल्विस हे नाव 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे सर्वतोमुखी झाले खरे, तथापि ते प्यारेलाल यांच्या व्हायोलिन-गुरूंचे नाव आहे हे थोड्यांनाच माहीत असते. नम्रता ही वादकाने स्वतः स्वीकारण्याची गोष्ट आहे. इतरांनी त्याच्यावर लादलेल्या विस्मृतीला नम्रता म्हणता येत नाही. तरुण मुलगा झगमगाटाकडे वळतो, त्यामागे आपण गावात नि चर्चमध्ये साथीदारांची कधी विचारपूस केली नाही, हेही एक कारण असू शकेल.

उपासनेतील संगीताला तर हा विवेक अधिकच लागू पडतो. मार्च 1967 मध्ये रोमहून प्रसिद्ध झालेल्या ‘मुसिकाम साक्राम’ या सूचनापत्रात वाद्यांना स्थान दिले आहे. वाद्ये गाणाऱ्यांना आधार देतात आणि सहभाग सुलभ करतात, असे त्यात मानले आहे. मात्र वाद्यांचा ध्वनी एवढा वाढू नये की गीताचे शब्दच कळेनासे व्हावेत, ही अटही त्यात स्पष्ट आहे. एखाद्या समीक्षकानेही रॉक संगीतासाठी याहून नेमका निकष सांगितला नसता.

तेव्हा आपल्या गायनवृंदांतील तरुणांनी बास गिटार अवश्य शिकावी, हवे तितके तंत्र आत्मसात करावे. एकच कसोटी जवळ बाळगावी. गीत संपल्यावर मागील बाकावरच्या आजीबाईंना शब्द आठवत असतील आणि त्या सुरात म्हणू शकल्या असतील, तर साथ उत्तम झाली. आणि आपण, ऐकणाऱ्यांनी, उपासना संपल्यावर त्या कोपऱ्यातील वादकापर्यंत चालत जावे, त्याचे नाव विचारावे, आणि त्याने काय वाजविले ते आपल्या कानांपर्यंत पोहोचले, एवढे त्याला सांगावे.