संदर्भसूचीचे रकाने

संदर्भसूची वाचली जाते की केवळ पाहिली जाते, हा प्रश्न छापील ग्रंथांच्या संदर्भात फारसा उपस्थित झाला नाही. महाजालावर तो टाळता येत नाही. विकिपीडियावरील एखाद्या मोठ्या लेखाखाली शेकडो संदर्भ असतात. ते एकाखाली एक मांडले, तर सूचीची लांबी लेखाशी स्पर्धा करू लागते आणि उजवीकडची बरीच जागा कोरी राहते. म्हणून तेथे सूची रकान्यांत मांडण्याचा प्रघात पडला. आरंभी रकान्यांची संख्या नेमून दिली जाई. पुढे संख्येऐवजी रुंदी नेमण्याची रीत आली. तीनुसार मोठ्या पडद्यावर दोन-तीन रकाने होतात, भ्रमणध्वनीवर एकच उरतो. वाचकाच्या हाती कोणता पडदा आहे हे संपादकास ठाऊक नसते; तेव्हा ही रीत निःसंशय अधिक शहाणपणाची.

तथापि रकाने हे मुळात छापील पानाचे अपत्य आहे. मराठी विश्वकोशाच्या खंडांत दोन रकाने सुखाने वाचता येतात, कारण पानाला तळ असतो. पडद्यावरील लांब सूचीचा तळ दृष्टीआड असतो. पहिला रकाना उतरून गेलेल्या वाचकाला दुसऱ्यासाठी पुन्हा वर चढावे लागते. शिवाय पडद्यावर देवनागरी शब्द सहसा तोडले जात नाहीत. 'ग्रंथसंग्रहालय' हा शब्द अरुंद ओळीत मावला नाही की सबंधच खाली उतरतो आणि वरची ओळ दात पडल्यासारखी दिसते.

खरी हानी मात्र दिसण्याची नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'च्या (१९६३) इंग्रजी अनुवादाची नोंद घ्यायची, तर मूळ लेखक, मूळ ग्रंथ व त्याचे वर्ष, 'ककून' हे इंग्रजी नाव, सुधाकर मराठे हे अनुवादक, प्रकाशक आणि आवृत्ती इतके सारे सांगावे लागते. अरुंद रकान्यात अशी नोंद पाच-सहा ओळी व्यापते. मग संक्षेपाचा मोह होतो, आणि त्या मोहाला पहिला बळी जाण्याचा धोका अनुवादकाच्या नावाला असतो. (मुखपृष्ठावरही त्याची अवस्था पुष्कळदा निराळी नसते.) समीक्षकाने वाचलेला ग्रंथ मूळ होता की अनुवादित, हे कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो.

आडनाव, वर्ष व पृष्ठांक एवढ्याच त्रोटक टिपा रकान्यांत अवश्य मांडाव्यात. इंग्रजी विकिपीडियावरील अनेक लेखांत अशा टिपा आणि आधारग्रंथ वेगळे दिलेले आढळतात. मराठी संपादकांनीही ही विभागणी स्वीकारावी आणि ग्रंथांच्या पूर्ण नोंदींना पडद्याची सबंध रुंदी द्यावी.