जोडपट्टी आणि लय : स्वरलेखनाच्या वाचनाचा एक प्रश्न

पाश्चात्त्य स्वरलेखनातील एका लहानशा खुणेकडे लयविचारात सहसा दुर्लक्ष होते. अष्टमांश किंवा त्याहून लहान काळाचा स्वर सुटा लिहिला तर त्याच्या दांडीला शेपटी येते. असे स्वर शेजारी आले म्हणजे शेपट्या काढून दांड्यांची टोके एका जाड रेघेने जोडतात. या रेघेला 'बीम' म्हणतात. मराठीत तिला जोडपट्टी म्हणता येईल. तिच्यामुळे स्वराची उंची बदलत नाही आणि काळही बदलत नाही. मग ती वाचकाला सांगते काय?

सहा अष्टमांश स्वर 3/4 च्या चौकटीत दोन-दोनांचे तीन गट करून जोडले जातात, 6/8 मध्ये तीन-तीनांचे दोन. बेरीज एकच; आघातस्थाने मात्र निराळी. जोडपट्टीमुळे ती मोजण्यापूर्वीच डोळ्यांना दिसतात. बेला बार्टोकच्या 'मायक्रोकॉसमॉस'चा (1926-1939) शेवट बल्गेरियन लयीतील सहा नृत्यांनी होतो. त्यांतील अखेरच्या नृत्याच्या कालचिन्हातच 3+3+2 अशी फोड लिहिलेली आहे. आठ अष्टमांशांची चार-चार अशी विभागणी करण्याची सवय जडलेल्या डोळ्याला केवळ आठ हा आकडा पुरेसा झाला नसता.

लय कानाची आहे, कागदाची नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. श्रोत्याला जोडपट्टी दिसत नाही, हे खरेच. परंतु श्रोत्यापर्यंत जे पोचते ते वाचकाच्या, म्हणजे वादकाच्या किंवा गायकाच्या, आकलनातून पोचते. आणि ते आकलन गटांच्या आधारे घडते.

गायनाच्या लेखनात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. जुन्या संकेतानुसार प्रत्येक अक्षराचा स्वर सुटा, शेपटीसह लिहिला जाई; एकाच अक्षरावर अनेक स्वर आले तरच जोडपट्टी येई. विसाव्या शतकात वाद्यलेखनाप्रमाणे ठेक्यानुसार जोडण्याची पद्धत रूढ होत गेली आणि अक्षराचा विस्तार दाखविण्याचे काम कंसरेषेकडे गेले. पहिल्या पद्धतीत शब्द आधी दिसतो, ठेका शोधावा लागतो. दुसरीत ठेका समोर येतो आणि शब्द मागे सरतो. म्हणून जुन्या गीताची नवी आवृत्ती काढताना संपादकाने जोडपट्ट्या बदलल्या, तर 'एकही स्वर बदललेला नाही' हे त्याचे म्हणणे खरे असूनही अपुरे ठरते. त्याने वाचन बदललेले असते, आणि प्रस्तावनेत तसे नोंदविणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

हिंदुस्थानी संगीताच्या लेखनपद्धतींतही असाच भेद आढळतो. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतील स्वर खालच्या अर्धवर्तुळाकार रेघेने एकत्र बांधले जातात; पलुसकर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या काळाची स्वतंत्र खूण असते. एकीत गट आधी दिसतो, दुसरीत घटक.

मराठी छंदविचाराला या भेदाचे मोल वाटावे. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त मात्रावृत्तांचा विचार आवर्तनांच्या आधारे केला. चोवीस मात्रांची ओळ सहा मात्रांची चार भृंगावर्तने घेऊन चालू शकते, तशीच आठ मात्रांची तीन पद्मावर्तने घेऊनही. बेरजेवरून त्यांतील फरक कळत नाही. शिवाय छापील कवितेत केवळ शब्दांमधील मोकळ्या जागा असतात. आवर्तनाची सीमा शब्दाच्या मध्यावर आली तर पान ती दाखवीत नाही. जोडपट्टी तेथे वाचकालाच ओढावी लागते. मात्रा मोजून वृत्ताचे नाव सांगणारी समीक्षा स्वरांच्या शेपट्या तेवढ्या मोजते. कवितेची लय कोणत्या जोडणीतून उभी राहते, हे सांगण्याचे तिचे काम त्यानंतर सुरू होते.