जिवंत राहिलेली नायिका

ऐतिहासिक कादंबरी हा मराठी वाचकाचा जुना जिव्हाळा आहे. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून (१८७१) सुरू झालेली ही परंपरा हरिभाऊ आपटे, नाथमाधव, रणजित देसाई, ना. सं. इनामदार अशा लेखकांनी घरोघर पोहोचवली. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ती तितक्याच आवडीने वाचली गेली. या कादंबऱ्यांतील पुरुषांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. त्यांच्या नायिकांविषयी मात्र आपण बहुधा दोनच विशेषणांवर भागवतो : 'तेजस्वी' आणि 'त्यागमूर्ती'. चाकोरी मोडणारी नायिका कोणती, असे विचारले की घोड्यावर बसणारी, तलवार चालवणारी स्त्री डोळ्यांपुढे येते. ही कसोटी अपुरी आहे, असे मला वाटते. हातात तलवार असूनही नायिका पूर्णपणे चाकोरीतली असू शकते. आणि वाड्याचा उंबरठा न ओलांडताही एखादी स्त्री चाकोरी मोडू शकते.

हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीतील कमलकुमारी पाहा. ती राजपूत विधवा सती जायला निघालेली असता उदयभानू तिला पळवून नेतो. तिच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिचे सारे धैर्य ज्या एका गोष्टीसाठी पणाला लागले आहे, ती गोष्ट म्हणजे आपले मरण. लेखकाने तिला निग्रह दिला, वाणी दिली. मात्र पतीच्या मृत्यूनंतर तिने जगावे तरी कशासाठी, हा प्रश्न कादंबरीत उद्भवतच नाही.

रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. माधवराव आणि रमाबाई यांचे हळुवार सहजीवन हे या कादंबरीचे खरे बळ आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. तो बदलण्याचे स्वातंत्र्य कादंबरीकाराला नव्हते. प्रश्न घटनेचा नाही, ती कोणत्या प्रकाशात दाखवली याचा आहे. 'स्वामी'त रमाबाईंचे मरण हे प्रेमाचे शिखर म्हणून येते. वाचकाचे डोळे पाणावतात, आणि त्या पाण्याआड एका तरुण स्त्रीचे जिवंतपणी जळणे दिसेनासे होते. लेखकाच्या भाषेचे सामर्थ्य जितके मोठे, तितका हा धोकाही मोठा.

इनामदारांची 'राऊ' (१९७२) एक पाऊल पुढे जाते. मस्तानी परधर्मी, परप्रांतातली, नृत्यनिपुण. पेशव्यांच्या सोवळ्या घरात तिला जागा मिळणे शक्यच नव्हते. बाजीराव दूर असताना पुण्यात तिला कैदेत टाकण्यात आले. १७४० च्या एप्रिलअखेर रावेरखेडी येथे बाजीराव वारले आणि त्याच वर्षी मस्तानीचाही अंत झाला. तिची कबर पाबळ येथे आहे. आपल्या वाचकांनी या कथेतील चिमाजीअप्पांकडे विशेष लक्ष द्यावे. वसईच्या पाडावामुळे (१७३९) आपल्या पूर्वजांच्या आठवणीत हे नाव कोरले गेले आहे. आपल्या नवी मुंबईतला बेलापूरचा किल्लाही बाजीरावांच्याच कारकिर्दीत पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. रणांगणावर एवढा पराक्रमी असलेला हा पुरुष घरातल्या एका स्त्रीपुढे मात्र कुळाच्या अब्रूचा पहारेकरी होऊन उभा राहतो. इनामदार त्याला खलपुरुष करत नाहीत. ही माणसे दुष्ट नाहीत, ती रूढीला शरण गेलेली आहेत, हे त्यांनी ओळखले आहे. म्हणूनच मस्तानीचा कोंडमारा खरा वाटतो.

तरीही 'राऊ'तील मस्तानी अखेर प्रेमासाठी झिजणारी, प्रियकरामागोमाग जग सोडणारी नायिकाच राहते. आपली सहानुभूती तिला सहज मिळते, कारण ती मागे उरत नाही. मागे उरल्या त्या काशीबाई. त्या पुढे १७५८ पर्यंत जगल्या. मस्तानीचा मुलगा शमशेर बहाद्दर पेशव्यांच्या घरातच वाढला आणि १७६१ च्या पानिपत युद्धात कामी आला. ज्या स्त्रीच्या संसारात हा वाटेकरी आला, तिने त्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल? एका मोठ्या कादंबरीचा हा विषय आहे. शोकांतिकेच्या झगमगाटात तो बाजूला राहतो.

या पार्श्वभूमीवर इनामदारांचीच 'शिकस्त' मला अधिक मोलाची वाटते. तिची नायिका सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. आपल्या शेजारच्या पेणच्या कोल्हटकर घराण्यातली लेक. भाऊंबरोबर त्या पानिपतच्या मोहिमेवर गेल्या होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून त्या वाचल्या आणि परत आल्या. भाऊ पडले, असे सारे सांगत होते. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही, वैधव्याचा वेष स्वीकारला नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या. म्हणजे बावीस वर्षे त्या अशाच राहिल्या.

याला पातिव्रत्य म्हणावे की बंड? परंपरेने त्याला पातिव्रत्य म्हटले आणि त्यांना सांभाळून घेतले. पण परिणाम पाहिला तर वेगळेच दिसते. त्या काळच्या विधवेच्या वाट्याला येणारे केशवपन, अंधारी खोली, अशुभाचा शिक्का हे सारे या बाईंनी एका नकाराच्या बळावर दूर ठेवले. भाऊ असल्याचा दावा करणारा तोतया पुढे आला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. तेव्हा त्यांच्या कुंकवाचा प्रश्न राज्याच्या चावडीवर आला. त्याआधी, नारायणरावांच्या खुनानंतर गर्भवती गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवण्याची वेळ आली, तेव्हा सोबतीला पार्वतीबाईच होत्या. जिला सधवा म्हणावे की विधवा हे कोणाला ठरवता येईना, तिच्याच भरवशावर १७७४ मध्ये पेशवाईचा वारस जन्माला आला. शस्त्र न उचलता, कोणाला दूषण न देता त्या केवळ जगत राहिल्या. ऐतिहासिक प्रेमकथेत याहून चाकोरीबाहेरचे काय असू शकते?

येथे दोन आठवणी देणे उचित होईल. ऐतिहासिक नव्हे, पण मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची 'यमुनापर्यटन' (१८५७). तिची नायिका विधवा होते, परंतु कथा तेथे संपत नाही. ती पुन्हा विवाह करते. कलेच्या दृष्टीने ती प्रचाराच्या ओझ्याखाली वाकलेली आहे, हे मान्य. पण विधवेपुढे आयुष्य उरलेले असते, ही गोष्ट तिला कळली होती. दुसरी आठवण आपल्या बायबलमधील यहुदीथची, म्हणजे आपल्या घराघरांतील ज्युडिथची. हा ग्रंथ काटेकोर इतिहास नसून इतिहासाच्या वेषातील बोधकथा आहे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे तीही एका अर्थी ऐतिहासिक कादंबरीची नायिकाच. विधवा असलेली ही स्त्री गावच्या वडीलधाऱ्यांची कानउघाडणी करते, होलोफेर्नेसचा शिरच्छेद करून गाव वाचवते. एवढ्यावर आपण थांबतो. त्यापुढचा भाग अधिक सुंदर आहे : ती घरी परत येते, मागणी घालणाऱ्या अनेकांना नकार देते, आपल्या दासीला मुक्त करते आणि एकशे पाच वर्षांची होऊन शांतपणे मरण पावते.

साहित्यकृतीतील स्त्री कशी मरते यावरून तिचे मोठेपण ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती सवय पुस्तकापुरती राहत नाही. आपल्या धर्मग्रामांतही पतिनिधनानंतर मान खाली घालून बसणारी भगिनी आपल्याला 'आदर्श' वाटते. तीच जरा रंगीत साडी नेसून लग्नसमारंभाला आली, नोकरीत बढती घेऊन दूर गेली किंवा पुन्हा विवाहाचा विचार करू लागली की कुजबुज सुरू होते. आपल्यात सती नव्हती, म्हणून आपण या दोषातून सुटलो असे समजण्याचे कारण नाही.

'स्वामी' आणि 'राऊ' आपल्या मुलींनी अवश्य वाचाव्यात. त्यांतील भाषेचे वैभव दुर्लभ आहे. पण त्यांच्याबरोबर 'शिकस्त'ही त्यांच्या हाती द्यावी, आणि वाचून झाल्यावर नायिका किती रडली हे न विचारता ती पुढे कशी जगली, हे विचारावे.